चाळीस अंशातली वाइन

सांगलीत एप्रिलच्या दुपारी पारा ४० च्या आसपास असतो आणि वाइन शॉपच्या दर्शनी काचेत एखादी बाटली उन्हाकडे तोंड करून उभी असते. ती बाटली ४०० ची असो वा १,४०० ची, घेऊ नका. स्वस्तात चांगली वाइन कोणती, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी कंपनीच्या नावापासून सुरू होतो. खरं तर निम्मं उत्तर ती बाटली कुठे आणि किती दिवस उभी होती, यात असतं. नाशिकहून चांगली निघालेली वाइन मिरजेच्या पत्र्याच्या गोदामात दोन महिन्यांत मरते. तिच्यापेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त, पण ताजी आणि सावलीतली बाटली कितीतरी बरी लागते.

वाइनला ३० अंशांच्या वर आठवडेच्या आठवडे ठेवलं की आतल्या रासायनिक क्रिया भराभर चालतात. फळाचा ताजा वास आधी उडतो. मग पांढरी वाइन गडद पिवळी होते आणि चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो. लाल वाइनला मुरांब्याचा, शिजवलेल्या मनुकांचा वास येतो आणि रंगात विटकरी छटा उतरते. ही वाइन पोटाला बाधत नाही. पण पैसे ज्यासाठी मोजले ते त्या बाटलीत राहिलेलं नसतं.

म्हणून दुकानात गेल्यावर आधी साल बघा. महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि लेबलवर छापलेलं साल या तोडणीचं असतं. साधी पांढरी वाइन वर्षाच्या मध्यावर बाटलीत जाते आणि पावसाळ्यात दुकानात पोचते. म्हणजे या उन्हाळ्यात गेल्या वर्षीचं साल असलेली बाटली मिळाली, तर तिने दुकानातला एकही उन्हाळा काढलेला नाही. त्याच्या आदल्या सालच्या बाटलीने एक अख्खा मार्च ते मे दुकानात काढलाय. हजाराच्या आतल्या पांढऱ्या आणि रोझे, म्हणजे गुलाबी, वाइनसाठी हा साधा हिशोब पुरतो: गेल्या वर्षीची घ्या, आदल्या वर्षीची सोडा. लाल वाइनला एखादं वर्ष जास्त चालतं, कारण सालीतला तुरटपणा तिला थोडं सांभाळून घेतो. काही स्वस्त बाटल्यांवर साल नसतंच. तिथे मागच्या लेबलवर बाटली भरल्याची तारीख शोधा.

मग बाटली हातात घ्या. काच कोमट लागली तर परत ठेवा. बूच असलेल्या बाटलीत मानेतली पातळी बघा. बुचाच्या खाली दोन-तीन बोटं मोकळी दिसत असतील, किंवा बूच वर सरकून प्लास्टिकची टोपी फुगली असेल, टोपीखाली चिकट ओघळ असेल, तर ती बाटली तापून बिघडलेली आहे. पारदर्शक काचेतली रोझे किंवा पांढरी वाइन फळीवर ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असली तर प्रकाशानेही बिघडते आणि उकडलेल्या कोबीसारखी वासाला लागते. अशा वेळी मांडलेली बाटली नको, पेटीतली द्या, असं सरळ सांगावं. दुकानदार कुरकुरतो, पण देतो.

आपल्याकडच्या ‘वाइन शॉप’मध्ये वाइन हा सगळ्यात कमी खपणारा माल असतो, हेही लक्षात ठेवावं. पाटीवर वाइन, गल्ल्यावर व्हिस्की आणि बियर. त्यामुळे ज्या दुकानात वाइनची उलाढाल आहे तेच दुकान धरा, मग ते दोन किलोमीटर लांब का असेना. एसी चालू असलेलं दुकान म्हणजे सोन्याहून पिवळं. पण एसी रात्री बंद होत असेल आणि पेट्या पोटमाळ्यावर चढत असतील, तर दिवसभराच्या गारव्याचा उपयोग शून्य. खरेदी संध्याकाळी करा. स्कूटरच्या डिकीत दुपारी बाटली ठेवून बाजारहाट करत फिरणं म्हणजे ती उकळायला ठेवणंच. आणि मार्च ते जून एका वेळी पंधरा दिवसांपुरतीच आणा.

स्क्रूची टोपी दिसली की बाटली हलक्या प्रतीची, असा एक गैरसमज अजून आहे. आपल्या हवेत उलट आहे. बूच तापलं की सैल होतं, कोरडं पडलं की आकसतं, आणि कधी बुचालाच बुरशीचा दोष असला तर वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. स्क्रूच्या टोपीला यातली एकही कटकट नाही. रोजच्या वाइनला स्क्रूची टोपीच बरी.

आता काय घ्यायचं. उन्हाळ्यात पहिली पसंती शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनला. हे द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातलं, पण नाशिक-सोलापूरच्या हवेत ते चांगलं रुळलंय. पिकलं तरी आंबटपणा सोडत नाही, हा त्याचा मोठा गुण. नाशिकच्या सुला कंपनीची शेनिन किंचित गोडीकडे झुकते, पेरू-अननसाच्या वासाची. पहिल्यांदा वाइन पिणाऱ्याला ती चटकन आवडते. फ्रातेल्ली या दुसऱ्या कंपनीची शेनिन त्या मानाने कोरडी. कोरडी म्हणजे ड्राय, साखर जवळजवळ न उरलेली. फ्रातेल्लीचे मळे अकलूजच्या बाजूला माळशिरस तालुक्यात आहेत, म्हणजे माण आणि फलटणच्या शिवेला लागूनच. सातारकरांना ही जवळपास गावचीच वाइन म्हणता येईल.

दुसरी सोव्हिन्याँ ब्लांक, हीही पांढरीच. हिला हिरव्या मिरचीचा, ताज्या कापलेल्या गवताचा वास असतो. काहींना तो पहिल्या घोटाला खटकतो, पण ठेच्याच्या मुलखात खटकायचं कारण नाही. तिसरी रोझे: सुलाची झिनफँडेल रोझे किंवा शिराझ या काळ्या द्राक्षापासून केलेल्या रोझे. काळ्या द्राक्षाची साल रसात थोडेच तास ठेवतात म्हणून रंग गुलाबी येतो आणि तुरटपणा जवळपास येत नाही. मटणापासून भज्यांपर्यंत सगळ्याला चालणारी एकच बाटली आणायची असेल, तर मी रोझेचंच नाव घेईन.

पैशांचं गणित असं. महाराष्ट्रातल्या साध्या वाइनमध्ये ५०० च्या आत मिळतात त्या बहुतेक गोडसर, मिश्र द्राक्षांच्या असतात. सुलाचं मडेरा हे लेबल याच पायरीवरचं. सोडा घालून किंवा सांग्रियाला, म्हणजे फळं घालून केलेल्या गार पेयाला, त्या उत्तम, नुसत्या प्यायला ठीक. रोजच्या पिण्यासाठी खरी किंमत वसूल होते ती साधारण ६०० ते १,००० च्या पट्ट्यात. इथे लेबलवर द्राक्षाच्या जातीचं नाव येतं आणि चवीत फरक कळतो. त्याच्या वर ‘रिझर्व्ह’ लिहिलेल्या, लाकडी पिंपात मुरवलेल्या वाइन सुरू होतात. त्यांचा भारदस्तपणा डिसेंबरात शोभतो. मे महिन्यात लाकडाचा वास आणि तुरटपणा अंगावर येतो, पैसे वाया.

‘इंपोर्टेड’ची भुरळ हजाराच्या आसपासच सगळ्यात महाग पडते. आयात वाइनवर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिलं. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे डिसेंबर २०२२ पासून काही बाटल्यांवर ते कमी झालं, पण तेही ५ डॉलरच्या वरच्या बाटल्यांवर. बंदरात २०० रुपयांना पोचलेल्या बाटलीवर शुल्काचे ३०० चढले की ती ५०० ची झाली. पुढे राज्याचे कर, वाहतूक आणि दोन-तीन हातांचा नफा. तुम्ही १,२०० मोजता तेव्हा आत २०० ची वाइन असते, शिवाय समुद्रावरच्या कंटेनरमध्ये तापून आलेली. दुसरीकडे महाराष्ट्रात तयार होणाऱ्या द्राक्ष वाइनला २००१ च्या धोरणापासून उत्पादन शुल्कात मोठी सवलत मिळाली. हजाराच्या आत घरची वाइन सरस ठरते ती देशप्रेमामुळे नव्हे, या गणितामुळे.

‘पोर्ट’ लिहिलेल्या बाटलीबद्दलही दोन शब्द. पोर्तुगालची पोर्ट आंबत असतानाच ब्रँडीच्या जातीची कडक दारू घालून तिचं आंबणं थांबवतात, म्हणून ती गोड आणि १९-२० टक्क्यांची कडक असते. आपल्याकडची स्वस्त पोर्ट ही बहुतेक वेळा नुसती गोड लाल वाइन. उन्हाळ्यात ती जेवणाबरोबर जड होते आणि सकाळी डोकं धरते.

आता सांगलीकर हमखास विचारतो तो प्रश्न: एवढी द्राक्षं तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जतला पिकतात, मग वाइन नाशिकची का? कारण आपलं द्राक्ष खायचं आहे. थॉमसन, सोनाका, माणिक चमन, आणि तासगाव तालुक्यातल्या बोरगावात थॉमसनमधूनच निवडलेलं तास-ए-गणेश, ही सगळी बिनबियांची, पातळ सालीची. मणी मोठा व्हावा म्हणून बागायतदार जीए हे वाढीचं संप्रेरक देतो, घड विरळतो. वाइनवाल्याला नेमकं उलटं हवं: लहान मणी, जाड साल, आत बी. रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो. मणी जितका फुगीर तितकं पाणी जास्त आणि साल कमी. थॉमसनची गोडी वाढेपर्यंत आंबटपणाही उतरलेला असतो. त्याची वाइन होते, पण सपक होते. बेदाण्याला जे गुण लागतात ते वाइनला मारक ठरतात. पलूसला वाइन पार्क उभं राहिलं, तरी नाशिकजवळच्या विंचूरसारखा जोर त्याला आला नाही, यामागे बाकीच्या कारणांबरोबर हेही आहे. जो बागायतदार वर्षानुवर्षे मणी फुगवण्यात तरबेज झाला, त्याला ‘मणी बारीक ठेवा, एकरी माल कमी घ्या’ हे कोण पटवणार?

तरी आपल्या द्राक्षाचा वाइनला एक झकास उपयोग आहे. सोनाका किंवा काळं शरद स्वच्छ धुऊन, पुसून, देठ काढून ताटात सुटे पसरा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. घट्ट गोठले की डब्यात भरा. ग्लासात बर्फाऐवजी पाच-सहा टाका. वाइन गार राहते, पाणचट होत नाही आणि शेवटी गारेगार मणी खायला मिळतात. धुतल्यावर ओले ठेवले तर एकमेकांना चिकटून एकच ढेकूळ होतं. हंगाम एप्रिलमध्ये आवरतो, म्हणून मार्चमध्येच दोन किलोची बेगमी करा.

गार किती करायची, यावर सगळ्यात जास्त वाइन वाया जाते. ‘लाल वाइन रूम टेंपरेचरला प्या’ हा नियम युरोपातल्या दगडी घरांचा, जिथे खोली १६-१८ अंशांची असायची. आपली खोली ३६ ची. त्या तापमानाला लाल वाइनमधलं अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकी काही कळत नाही. लाल वाइन फ्रीजमध्ये दीड ते दोन तास ठेवा, १५-१६ अंशांना आली की काढा. पांढरी आणि रोझे ८ ते १० अंश. त्याला फ्रीजमध्ये तीन तास लागतात, आणि उन्हाळ्यात फ्रीज सारखा उघडझाक होत असेल तर चार. फसफसणारी वाइन याहूनही गार, ६ ते ८. ती कोमट असताना उघडली तर अर्धी वाइन छतावर जाते. आत मोटारीच्या टायरपेक्षा जास्त दाब असतो. म्हणून तार सोडल्यापासून अंगठा बुचावरून हलवू नका, आणि बूच न फिरवता बाटली फिरवा.

पाहुणे दारात आणि बाटली कपाटात असेल तर बादली काढा. दोन किलो बर्फ, तो बुडेल इतकं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ. बाटली मानेपर्यंत बुडवा, मधूनमधून फिरवा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवणारे इथेच चुकतात. खडे काचेला ठिकठिकाणीच टेकतात आणि मधे हवा राहते. पाणी ती जागा भरतं, मीठ पाण्याला शून्याच्या खाली नेतं. फ्रीझरमध्येही तासाभरात भागतं, पण मोबाइलवर गजर लावूनच. वाइन उणे पाच-सहा अंशांना गोठू लागते आणि फ्रीझर उणे अठराचा असतो. विसरलेली बाटली बूच ढकलते, नाहीतर तडकते.

वीज गेली तर माठाचं तंत्र वापरा. बाटलीला जाड सुती फडकं गुंडाळा, भिजवा आणि वाऱ्याच्या झोतात पाण्याच्या ताटलीत उभी करा. फडक्याचं खालचं टोक पाणी ओढत राहतं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत बाटली खोलीपेक्षा दहाएक अंशांनी उतरते. लाल वाइनला तेवढ्याने बराच फरक पडतो, पांढरीला ते अपुरं. वळीव पडून हवा दमट झाली की ही युक्ती चालत नाही, हे माठातलं पाणी पिणाऱ्याला सांगायला नको.

ग्लास भरताना १०० मिलीच ओता आणि बाटली परत गारव्यात ठेवा. काठोकाठ भरलेला ग्लास चाळीस अंशांत संपेपर्यंत कोमट होतो. आणि वाइन म्हणजे काय, ज्यूसच, असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब: साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलीमध्ये सुमारे १९ मिली अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये सुमारे १३ मिली. म्हणजे १५० मिलीचा एक ग्लास हा जवळपास दीड पेग. ७५० मिलीच्या बाटलीत असे पाच ग्लास. ती दोघांनी उन्हात बसून संपवायची गोष्ट नाही. गाडी चालवायची असेल तर ग्लास हातातच घेऊ नये. राज्यात वाइनसाठी वयाची अट २१ पूर्ण.

उन्हाळ्यात पाणी मिसळण्यात कमीपणा काही नाही. ९० मिली गार पांढरी वाइन, ६० मिली गार सोडा, लिंबाची एक चकती. साडेबाराचं साडेसात टक्के होतं आणि तहानही भागते. सोडा कोमट असला तर बुडबुडे एका मिनिटात जातात. गोड लिंबू सोडा घालू नका, सरबत होतं. सांग्रियासाठी स्वस्त लाल बाटली एक, एक संत्रं आणि एक मोसंबं सोलून फोडी करून, वाटीभर काळी द्राक्षं, दालचिनीचा बोटभर तुकडा. तीन-चार तास फ्रीजमध्ये, त्याहून जास्त नको. चाखून बघून लागली तरच दोन चमचे पिठीसाखर. पितेवेळी ३०० मिली सोडा. फळं सालीसकट टाकून रात्रभर ठेवली की सालीखालचा पांढरा भाग कडवटपणा सोडतो. केळं, पपई, आंबा घातला की लगदा. आणि बिघडलेली वाइन सांग्रियात खपवायचा मोह टाळा, आंबलेला वास संत्र्याने झाकला जात नाही.

खाण्याबरोबर जमवताना एकच गोष्ट पाळली तरी बरंच साधतं: तिखट, अल्कोहोल आणि तुरटपणा हे तिघं एकमेकांना चढवतात. झणझणीत रश्श्याबरोबर जड, लाल काबर्ने सोव्हिन्याँ घेतली तर जीभ भाजते आणि वाइन कडू लागते, दोष दोघांचाही नसतो. तिखटाला किंचित गोडसर, गार, हलकी वाइन लागते. भडंगाबरोबर शेनिन ही जोडी तर सांगलीसाठीच जमवून ठेवल्यासारखी: मीठ, लसूण, शेंगदाण्याचं तेल, आणि ते कापायला आंबट गार घोट. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत किंवा भरली वांगी असतील तर रोझे. सुक्या मटणाला शिराझ, पण गार केलेली आणि तिखट बेताचं असेल तरच. साताऱ्याच्या कंदी पेढ्याबरोबर ड्राय वाइन घेऊ नका, पेढ्यापुढे ती चिंचेसारखी आंबट लागते. तिथे सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड, अर्ध्या बाटलीत मिळते ती, चार जणांना थोडीथोडी पुरते. मिसळीला वाइन नको. ताक प्या.

उघडलेली बाटली उरली तर शत्रू हवा. अर्धी रिकामी बाटली फ्रीजच्या दारात ठेवली की दोन-तीन दिवसांत चव अर्धी. म्हणून एक ३७५ मिलीची, स्क्रूच्या टोपीची रिकामी बाटली धुऊन वाळवून घरात ठेवा. मोठी बाटली उघडल्याउघडल्या निम्मी वाइन तिच्यात अगदी काठापर्यंत भरा, टोपी घट्ट लावा आणि फ्रीजच्या आतल्या बाजूला उभी ठेवा. लाल वाइनही फ्रीजमध्येच. अशी भरलेली वाइन पाच-सहा दिवस चांगली राहते, तशीच ठेवलेली दोन-तीन. तळाशी खडीसाखरेसारखे बारीक स्फटिक दिसले तर घाबरू नका, गारव्याने द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचा क्षार खाली बसतो. गाळून प्या. नेलपॉलिशचा किंवा सिरक्याचा वास आला तर मात्र ओतून टाका. आणि ग्लास धुवायचे राहिले असतील तर ओट्यावरचा दिवा बंद करण्यापूर्वी निदान विसळून पालथे घाला, सांगलीची चिलटं सकाळपर्यंत वाट बघत नाहीत.